३० जूननंतरचे सव्वीस दिवस

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१९-२० चा हंगाम करोनाच्या साथीमुळे १३ मार्च २०२० रोजी थांबला, १७ जूनला रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाला आणि २६ जुलैला संपला. अनेक खेळाडूंचे करार मात्र ठरल्याप्रमाणे ३० जूनलाच संपत होते. संघाचे सामने शिल्लक होते, कोण लीगमध्ये टिकणार आणि कोण खालच्या श्रेणीत जाणार हे ठरायचे होते, आणि नेमक्या त्याच वेळी काही खेळाडूंचा आपल्या संघाशी कायद्याने कसलाही संबंध उरणार नव्हता. या सव्वीस दिवसांबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातले बरेचसे लिखाण निष्ठा, कृतज्ञता आणि जर्सीचा मान यांच्या भाषेत होते. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मुदतीच्या करारावर काम करणारी माणसे जास्त असतात. फुटबॉल मी शाळेपासून पाहत आले आहे. म्हणून असेल, पण हा प्रश्न मला कराराचा कागद समोर ठेवूनच पाहावासा वाटतो, आणि तसा पाहिला की तेव्हा ज्यांना स्वार्थी ठरवले गेले त्यांची बाजू चांगलीच भक्कम दिसते.

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतात, त्यामुळे जूनअखेर ही करार संपवण्याची सोयीची तारीख झाली. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या, खेळाडूंच्या हस्तांतरणविषयक नियमावलीतले कलम १८ सांगते की व्यावसायिक खेळाडूचा करार किमान चालू हंगामाच्या अखेरीपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असावा. आणि करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूने दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला हरकत नाही. या मोकळीकीला खरा अर्थ आला तो १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालामुळे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनचा करार संपला होता, तरीही नव्या क्लबने पैसे मोजल्याशिवाय त्याला सोडायला जुना क्लब तयार नव्हता. युरोपीय न्यायालयाने ते अमान्य केले, आणि करार संपला की युरोपीय संघातल्या देशांचा खेळाडू मोकळा, हे तत्त्व रूढ झाले. कराराची शेवटची तारीख ही खेळाडूंच्या बाजूने न्यायालयात लढून मिळवलेली गोष्ट आहे. ती पुढे ढकला असे खेळाडूला सांगताना आपण त्याच्याकडून नेमके काय मागतो आहोत, याची जाणीव २०२० मध्ये फार थोड्यांना होती.

फिफाने ७ एप्रिल २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हंगाम लांबला असेल तर करारही हंगाम प्रत्यक्ष संपेपर्यंत लांबवावेत, आणि नव्या क्लबशी केलेले करार त्यानुसार पुढे सरकवावेत, कारण करार करताना दोन्ही पक्षांच्या मनात हंगाम पूर्ण करण्याचाच हेतू होता, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना समंजस होत्या, पण तो आदेश नव्हता आणि होऊही शकत नव्हता, कारण कामाचा करार ज्या देशात झाला त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा घेतला, तरी जुन्या कराराच्या जागी नवा करार येतो तो दोन्ही पक्षांच्या संमतीने (कलम ६२). आणि ज्याचे काम त्याच्या व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून आहे, त्याला ते काम करायला न्यायालय भाग पाडत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. शिवाय हेतूचाच विचार करायचा तर तो पुरता करायला हवा. हंगाम पूर्ण करणे हा दोघांचा हेतू होता हे मान्य. पण १ जुलैपासून आपण मोकळे असू, हाही खेळाडूचा हेतू होता आणि तो तर तारखेसह लिहिलेला होता.

प्रीमियर लीगने क्लबांना २३ जूनपर्यंत मुदत दिली: तोपर्यंत ज्यांच्याशी थोड्या मुदतीची वाढ ठरेल ते हंगाम संपेपर्यंत खेळतील. बहुतेकांनी सह्या केल्या. चेल्सीचे विलियन आणि पेद्रो, टॉटनहॅमचा यान व्हर्टोंगन, लिव्हरपूलचा अ‍ॅडम ललाना हे सगळे जाण्याच्या वाटेवर होते आणि तरीही थांबले.

बोर्नमथचा रायन फ्रेझर थांबला नाही. तो २०१३ पासून त्या क्लबमध्ये होता आणि २०१८-१९ च्या हंगामात त्याने लीगमध्ये १४ गोलांना साहाय्य केले होते. त्याने काही आठवड्यांची वाढ नाकारली, ३० जूनला तो क्लबमधून बाहेर पडला, आणि बोर्नमथ ३४ गुणांवर राहून एका गुणाने खालच्या श्रेणीत गेला. ॲस्टन व्हिला ३५ गुणांवर वाचला. एका गुणाचा फरक असला की प्रत्येकाला तो गुण कुठे गेला हे ठाऊक असते, आणि सगळी बोटे फ्रेझरकडे वळली. त्याच सुमारास एक श्रेणी खाली, चार्ल्टनचा आघाडीचा खेळाडू लाइल टेलर याने हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर खेळायला नकार दिला. त्याचा करार संपत आला होता, वय तीस होते, आणि दुखापत झाली तर पुढचा करार हातचा जाईल हे कारण त्याच्या प्रशिक्षकाने उघडपणे सांगितले. चार्ल्टनही शेवटच्या दिवशी, एका गुणानेच, खाली घसरला.

त्या शहरांतल्या लोकांचे दुःख मला कळते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघामागे उभ्या राहिलेल्या माणसांना आपला उत्तम खेळाडू ऐन वेळी नाही हे पाहावे लागले. पण टेलरचा हिशेब चुकीचा होता असे मला कोणी दाखवून द्यावे. गुडघ्यातले अस्थिबंध तुटले तर खेळाडू साधारण सहा ते नऊ महिने बाहेर असतो. वाढवलेला करार सहा आठवड्यांचा असेल तर सहा आठवड्यांचा पगार मिळतो. उरलेल्या महिन्यांत उपचार, व्यायाम आणि घरखर्च चालवायला क्लब बांधलेला नसतो, आणि जो नवा क्लब वाट पाहत होता त्याने अजून सही केलेली नसते. तीस वर्षांच्या खेळाडूला पुढचा दोन-तीन वर्षांचा करार बहुधा शेवटचा मोठा करार असतो. म्हणजे त्या काही आठवड्यांत संघाला होणारा फायदा सर्वांचा होता, आणि धोका एकट्याच्या गुडघ्यावर होता.

हा धोका काल्पनिक नव्हता याचा पुरावा पेद्रो आहे. त्याने वाढ स्वीकारली, मनापासून खेळला, आणि १ ऑगस्ट २०२० रोजी आर्सेनलविरुद्धच्या, इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, चेल्सीसाठीच्या आपल्या शेवटच्या सामन्याच्या अगदी अखेरच्या मिनिटांत, त्याचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया करावी लागली. इटलीच्या रोमा क्लबने त्याला तरीही घेतले, ही त्यांची भलाई आणि त्याच्या नावाचे मोल. चार्ल्टनसारख्या क्लबमधल्या खेळाडूला असे मोल नसते. फिफाची एक विमा योजना आहे: खेळाडू राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी होऊन २८ दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिला, तर क्लबला त्याच्या पगाराची भरपाई मिळते. म्हणजे खेळाडू दुसऱ्यासाठी खेळताना जखमी झाला तर आपले नुकसान कोणी भरावे, हा प्रश्न क्लबांना अगदी रास्त वाटला होता आणि तो त्यांनी सोडवूनही घेतला होता. खेळाडूने तोच प्रश्न जूनमध्ये विचारला तेव्हा त्याला निष्ठेची आठवण करून देण्यात आली.

पॅरिस सेंट जर्मेनमध्ये हा प्रसंग आणखी विचित्र झाला. फ्रान्सने आपली लीग ३० एप्रिललाच संपवून टाकली, पण युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेचे उरलेले सामने ऑगस्टमध्ये लिस्बनला व्हायचे होते. एडिन्सन कव्हानी आणि तोमा म्युनिए यांनी जूननंतर थांबायला नकार दिला. थियागो सिल्व्हा आणि एरिक माक्सिम शुपो-मोटिंग थांबले. १२ ऑगस्टला अटालांटाविरुद्ध पॅरिसचा संघ ९० व्या मिनिटापर्यंत ०-१ असा मागे होता. मार्किन्योसने बरोबरी केली आणि ज्याचा करार दीड महिन्यापूर्वी संपणार होता त्या शुपो-मोटिंगने ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत विजयी गोल केला. ही गोष्ट थांबण्याच्या बाजूने नेहमी सांगितली जाते, आणि सांगावी अशी ती आहेच. पण शुपो-मोटिंग स्वतःच्या मर्जीने थांबला होता. कव्हानी सात वर्षे त्या क्लबसाठी गोल करत होता. त्याचा नकारही तितक्याच मर्जीचा होता, आणि दोन्ही निर्णयांना सारखा मान मिळायला हवा होता.

उसनवारीवर, म्हणजे ठरावीक काळापुरते दुसऱ्या क्लबकडे गेलेल्या खेळाडूंची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिथे सह्या दोन नसून तीन लागतात: मूळ क्लब, उसना घेणारा क्लब आणि खेळाडू. मूळ करार चालूच असतो, तो फक्त काही काळ बाजूला ठेवलेला असतो. हंगाम लांबला तर खेळाडू राजी असून भागत नाही. मँचेस्टर युनायटेडची दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. त्यांचा अलेक्सिस सांचेझ इंटरकडे होता आणि क्रिस स्मॉलिंग रोमाकडे. दोन्ही इटालियन क्लब युरोपा लीग या युरोपीय क्लब-स्पर्धेत होते, आणि स्वतः युनायटेडही त्याच स्पर्धेत होता. सांचेझची मुदत ५ ऑगस्टच्या गेटाफेविरुद्धच्या सामन्यापर्यंत वाढली आणि दुसऱ्याच दिवशी तो कायमचा इंटरचा झाला. स्मॉलिंगच्या बाबतीत इटालियन लीग संपेपर्यंतच जमले. त्यापुढे क्लबांचे एकमत झाले नाही, आणि ६ ऑगस्टला रोमा सेव्हियाकडून ०-२ असा हरला तेव्हा वर्षभर त्यांच्या बचावाचा आधार असलेला स्मॉलिंग संघात नव्हता. पुढे त्याच सेव्हियाने उपांत्य फेरीत युनायटेडला हरवले. ऑक्टोबरमध्ये स्मॉलिंग रोमाकडे कायमचा गेला, म्हणजे शेवटी सगळ्यांना जे हवे होते तेच झाले. मधला सामना तेवढा त्याच्या हातून निसटला, आणि त्यात त्याचे मत निर्णायक नव्हते.

कुटिन्होच्या बाबतीत उलटे घडले. बार्सिलोनाने त्याला बायर्नकडे उसना दिला होता. चॅम्पियन्स लीग संपेपर्यंत ती मुदत वाढवायला त्यांनी मान्यता दिली, आणि १४ ऑगस्टला बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असे हरवले तेव्हा शेवटचे दोन गोल कुटिन्होचे होते. इंग्लंडमध्ये हे होऊच शकले नसते, कारण प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे उसना खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध उतरत नाही. जूनमध्ये शेफील्ड युनायटेडचा गोलरक्षक डीन हेंडरसन मँचेस्टर युनायटेडविरुद्ध याच कारणाने बाहेर बसला. मला स्वतःला कुटिन्होची रीत पटते. ज्या संघाचा पगार आणि ज्या संघाची जर्सी, त्याच्यासाठी पूर्ण ताकदीने खेळायला मिळावे.

आपल्याकडे निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या टोळ्या बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या असतात, आणि त्यांचे काम पुष्कळदा एकरावर उक्ते ठरते. अवकाळी पाऊस आला आणि काम चार दिवस लांबले तर टोळी चार दिवस जास्त थांबते, कारण बोली कामाची झालेली असते, तारखेची नव्हे. पण त्या चार दिवसांचे जेवण कोण देणार, पुढच्या बागायतदाराला काय सांगायचे, हे मुकादम आधी बोलून घेतो. न बोलता थांबलेल्या टोळीचे हाल काय होतात ते सर्वांना माहीत असते. फुटबॉलच्या करारात कामाच्या अपेक्षा उक्त्या ठेवायच्या आणि मुदत मात्र तारखेची लिहायची, असे मिश्रण झाले होते. आणि मुकादमाचा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

भारतात तर करार लांबवण्याऐवजी तोडण्याचा अनुभव आला. आपल्याकडे बहुतेक खेळाडूंचे करार ३१ मेला संपतात. २०२० मध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना १४ मार्चला गोव्यातल्या फातोर्ड्यात प्रेक्षकांविना उरकला गेला, पण आय-लीग ही देशातली दुसरी लीग अर्धवट राहिली आणि मोहन बागानला चार फेऱ्या बाकी असताना विजेते घोषित केले गेले. ईस्ट बंगालच्या तेव्हाच्या गुंतवणूकदार कंपनीने दैवी आपत्तीच्या कलमाचा आधार घेऊन एप्रिलअखेरच खेळाडूंचे करार संपवले. मे महिन्याच्या पगाराला त्यामुळे कात्री लागली आणि खेळाडूंच्या संघटनेला दाद मागावी लागली. कोलकात्यात अडकलेले स्पॅनिश खेळाडू मे महिन्यात बसने दिल्लीला गेले आणि तिथून विमानाने युरोपला. युरोपात महामारीमुळे करार लांबवावा म्हणून खेळाडूची मनधरणी होत होती, आणि इथे तीच महामारी करार एक महिना आधी मोडायला पुरेशी ठरली.

मग २०२५ आले, आणि या वेळी कोणतीही साथ नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला, लीग चालवण्याच्या हक्कांचा मुख्य करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. त्याचे नूतनीकरण झाले नाही म्हणून ११ जुलैला कंपनीने नवा हंगाम स्थगित ठेवला. म्हणजे इथे संपत आलेला करार खेळाडूचा नव्हताच, तर लीगचा होता, आणि त्याचा भार खेळाडूंवर आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. केरळ ब्लास्टर्सचा कर्णधार अ‍ॅड्रियन लुना उसनवारीवर परदेशी गेला. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा होईल असे जाहीर केले. एरवी ती सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते.

त्या मधल्या काळात नाशिकरोडचा एक तरुण गोलरक्षक आपल्या आईबरोबर माझ्याकडे आला होता. क्लब महाराष्ट्राबाहेरचा, वरच्या लीगमधला नव्हे. त्याने याला दुसऱ्या क्लबकडे उसने दिले होते, आणि त्या दुसऱ्याने हंगामाची खात्री नाही म्हणून सराव शिबिरच बंद केले होते. कागद म्हणजे एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल, सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेली; प्रत्येक पानाची खालची ओळ कापली गेली होती. तिसऱ्या पानावर असे कलम होते की स्पर्धा न झाल्यास क्लबला वेतन स्थगित करता येईल. स्थगितीच्या काळात खेळाडूला दुसरीकडे खेळता येईल की नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. आणि उसनवारीच्या कागदावर मूळ क्लबच्या सहीची जागा चक्क कोरी होती.

“मॅडम, खेळायला बोलवत नाहीत, पगार देत नाहीत आणि सोडतही नाहीत,” त्याची आई म्हणाली. “मग पोरानं करायचं काय?”

मी त्याला विचारले, “तू सही केलीस तेव्हा ही जागा रिकामीच होती का?”

“हो मॅडम. एजंट म्हणाला, नंतर करून घेऊ.”

१ जुलै २०२२ पासून लागू झालेले फिफाचे उसनवारीचे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत: लेखी करार हवा, मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, उसन्या खेळाडूला पुढे तिसऱ्याकडे उसने देता येणार नाही. देशांतर्गत उसनवारीसाठी असे नियम करायला राष्ट्रीय संघटनांना तीन वर्षे दिली होती. पण कोऱ्या जागेवर सही नसेल तर पगार मागायचा कोणाकडे, यावर त्या मुलाचे दोन महिने गेले. आम्ही दोन्ही क्लबांना नोटीस पाठवली: पगार द्या, नाहीतर लेखी मोकळे करा. मोकळीक मिळाली. थकलेला पगार मी हे लिहीपर्यंत मिळालेला नाही.

करार संपल्यावर खेळाडूला अडवून ठेवण्याच्या बाबतीत आपला कायदा खेळाडूच्या बाजूचा आहे, हे फार कमी जणांना माहीत असते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान आणि त्याच्या जाहिरातींचे काम पाहणारी कंपनी यांच्यातला वाद २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. मुदत संपल्यावरही त्याने पहिली संधी आपल्यालाच द्यावी, असे त्या कंपनीचे कलम होते. करार कायद्याच्या कलम २७ नुसार असे बंधन मुदतीनंतर टिकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. अडचण मुदतीच्या आतली आहे. तारीख उलटलेली नाही, खेळही नाही आणि पगारही नाही, अशा अवस्थेवर प्रत्येकाला स्वतंत्र दावा लावणे परवडत नाही, म्हणून ते करारातच लिहिलेले असावे लागते.

युक्रेनच्या युद्धात फिफाने हे करून दाखवले आहे. मार्च २०२२ मध्ये तिथल्या परदेशी खेळाडूंना करार ३० जूनपर्यंत स्थगित ठेवून दुसरीकडे खेळायची मुभा दिली गेली, आणि नंतर ती वर्षभर वाढवली. शाख्तारसारख्या क्लबला यात मोठे नुकसान सोसावे लागले. त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती फेटाळली गेली. क्लबचे नुकसान खरे होते. तरीही स्थगिती आली की खेळाडूचे पाय मोकळे, हे सूत्र योग्यच होते असे मी म्हणेन.

माझ्याकडे आता कोणी फुटबॉलचा कागद घेऊन आले, तर मी चार वाक्ये घालायला सांगते. हंगाम करारापुढे लांबला तर खेळाडूच्या लेखी संमतीनेच मुदत वाढेल, आणि त्या काळात झालेल्या दुखापतीचा उपचार व बरे होईपर्यंतचे वेतन क्लब देईल किंवा तेवढ्या रकमेचा विमा उतरवेल. हंगाम सुरूच झाला नाही आणि वेतन तीस दिवस थांबले, तर खेळाडू आपोआप दुसरीकडे नोंदणी करायला मोकळा होईल. उसनवारीत वेतनाची अंतिम जबाबदारी मूळ क्लबची राहील. तिन्ही सह्या झाल्याशिवाय उसनवारी सुरू झाली असे मानले जाणार नाही. मोठ्या क्लबांच्या वकिलांना यात नवे काही वाटणार नाही. जिल्हा पातळीवरून वर जाणाऱ्या मुलांच्या कागदांत मात्र यातले एकही वाक्य मी अजून आधीपासून लिहिलेले पाहिलेले नाही, आणि महासंघाने सर्व श्रेणींसाठी एक छापील नमुना करार सक्तीचा केला तर ते काम एका बैठकीत होण्यासारखे आहे.